आईचे चाळीस

२८ जानेवारी

प्रिय दादा,

जहाजावरून पाठवलेलं तुझं कार्ड मिळालं. चार ओळींपैकी दोन तू हवामानाला दिल्यास, तेव्हाच ओळखलं की उरलेल्या दोहोंत काहीतरी अवघड असणार. ‘महिनाभर आई चाळीसच्या आत चालवते हे पुराव्यानिशी दाखव, गाडी तिच्या नावावर करून देतो. नाहीतर पुढच्या सुट्टीत मी गिऱ्हाईक घेऊन येईन.’

आईला वाचून दाखवलं. ती उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. म्हणाली, “त्याला म्हणावं, पुरावा कशाला? मी सांगतेय ना.” दोरा तोडला आणि म्हणाली, “नको. काही म्हणू नकोस. मी त्याच्याशी बोलत नाही.”

पाण्याच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला एक खोड लागली आहे. कुठलीही तपासणी सुरू करण्याआधी आधीचं काय ठाऊक आहे ते लिहून काढायचं. ते इथे लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर, पण रागावू नकोस.

गेल्या सुट्टीत तू भाड्याच्या कारमधून बाजाराच्या रस्त्याने आईच्या मागोमाग आलास. तुझ्या कारचा काटा पासष्टवर होता. घरी पोहोचल्यावर तू विचारलंस, “किती स्पीडने येत होतीस?” ती म्हणाली, “नेहमीसारखीच. चाळीस.” तू म्हणालास, “आई, खोटं बोलू नकोस.” तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तुझ्यासाठी चहा टाकायला गेली. मला वाटलं, विषय संपला. पुढे ती पंपाजवळच्या वळणावर वाळूवरून घसरली, मनगट मोडलं, आणि तू फोनवर म्हणालास, “खोटं बोलायचं आणि हाडं मोडून घ्यायची.” तिने फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच.

सगळ्यांना वाटतं, गाडी विकायला काढलीस म्हणून ती रुसली आहे. मला तसं वाटत नाही. तिचा जन्म नर्सची नोकरी करण्यात गेला. लोकांचा ताप, नाडी, रक्तदाब मोजून जो आला तोच आकडा कागदावर लिहायचा, हा तिचा धर्म. तिला तू ‘हळू चालव’ म्हणाला असतास तर ती भांडली असती. तू तिचा आकडाच खोटा ठरवलास.

मोटारसायकल कायद्याने तुझी आहे हे मला मान्य. दवाखान्याला ती बाहेरच्या कुठल्या तरी देशातून भेट आली होती, तिच्यावरून आई घरोघर बाळंतपणं करत फिरली, आणि दवाखान्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा कर्मचाऱ्यांना बोली लावता येत नव्हती म्हणून तुझं नाव घातलं. ते नाव तू आजवर कधी पुढे केलं नव्हतंस. ते टोचलं. पण ते राहू दे.

राहिला पुरावा. गाडीचा स्पीडोमीटर लिलावाच्या आधीपासून मेलेला आहे. चाकापासून येणारी तार तुटलेली, आतले दाते झिजलेले. मेकॅनिक म्हणतो, “ताई, ह्याचा पार्ट आता फक्त म्युझियममध्ये.” म्हणून मी एक ठरवलंय. हसू नकोस. मी स्वतः एक स्पीडोमीटर बनवणार आहे, जीपीएसवर चालणारा. त्याला चाक नको, तार नको. उपग्रहांकडून आपली जागा समजून घ्यायची आणि ती किती वेगाने बदलते आहे ते दाखवायचं. रोजचा सर्वांत मोठा आकडा मेमरी कार्डावर लिहून ठेवील. तो तुला कळवीन, जसा असेल तसा.

काल जुनी तबकडी काढली. तिची काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी पडली आहे, काटा शून्यावर निजलेला. फडक्यात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवली. त्या गोल भोकात माझं यंत्र बसेल.

तू मला लहानपणी ‘काटा’ म्हणायचास, एकदा रुतला की निघत नाही म्हणून. बघू या.

तुझी
काटा


९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

यंत्र चालू झालं! आधी झालेल्या फजित्या सांगते, म्हणजे तुझा विश्वास बसेल.

तुमच्या जहाजावर हे प्रकरण भलं मोठं असेल. माझा रिसीव्हर टपालाच्या तिकिटाएवढा आहे. त्याच्या शेजारी एक छोटं सर्किट, त्याला लाल आकड्यांचा डिस्प्ले. प्रोग्रॅम इंटरनेटवरून घेतला आणि आपल्या कामापुरता कापला. पहिला रिसीव्हर मी गाडीच्या बॅटरीला थेट जोडून जाळला. जळका वास आला तशी आई आतून ओरडली, “दूध उतू गेलं का गं?” दुसऱ्या वेळी मध्ये व्होल्टेज उतरवणारा तुकडा घातला.

मग डबी. पाऊस-धूळ लागू नये म्हणून मी सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं, वर काच, आत स्पंज, अगदी दागिन्यासारखं. अंगणात नेलं तर एकही उपग्रह मिळेना. दुपार गेली. शेवटी लक्षात आलं की मी त्याला लोखंडी कोठडीत कोंडून आकाशाशी बोल म्हणत होते. आता ते प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत आहे. निळ्या. पाणी जायची भोकं मेणाने बुजवली आहेत.

सुरुवातीला उपग्रह सापडायला त्याला वेळ लागतो. आई हेल्मेट घालून, किल्ली लावून, पाय टेकून गाडीवर बसून राहते आणि विचारते, “आले का गं तुझे पाहुणे?” मी म्हणते, “तीन आलेत, चौथा यायचाय.” “चौथ्याला म्हणावं, रस्त्यात गाठ पडेल.”

एक गोष्ट मनाला लागली आहे. गाडी उभी असली तरी यंत्र मधूनच ‘एक’ दाखवतं, कारण उपग्रहांचं मोजमाप जरा हलतंच. आई म्हणाली, “मी उभी आहे आणि हे म्हणतंय मी चालतेय. ह्याच्यात तुझ्या दादाचा गुण आलाय.” म्हणून मी प्रोग्रॅममध्ये घातलं की दोनच्या खाली काही आलं तर शून्य दाखव. पण हे बरोबर की चूक? मोजलेलं झाकणं ते झाकणंच. दोन दिवस विचार केला आणि ठेवलं. तुला सांगून ठेवते, म्हणजे लपवलं असं व्हायला नको.

आणखी एक. हे यंत्र जागाही लिहून ठेवू शकतं. आई कुठे जाते, कुठे थांबते, सगळं. तो भाग मी बंद केला. तू मागितला होतास तो वेग. ती पलीकडच्या वस्तीवर म्हाताऱ्यांचे रक्तदाब बघत फिरते, हे तर आपल्याला यंत्राशिवायही ठाऊक आहे. तिने विचारलं, “मी कुठे गेले ते लिहितं का हे?” मी नाही म्हटलं. “बरं झालं,” एवढंच म्हणाली. आता मलाच कुतूहल वाटायला लागलंय, पण बंद म्हणजे बंद.

मी ते हातात धरून अंगणातून गेटपर्यंत चालून पाहिलं. दोन-तीन दाखवलं. मला वाटायचं मी झपाझप चालते. वय झालं बहुतेक.

उद्यापासून खरी मोजणी.

तुझी
काटा


१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

हा पहिल्या आठवड्याचा निकाल. रोजचे सर्वांत मोठे आकडे: तेहेतीस, चौतीस, चौतीस, एकतीस, रविवारी गाडी बाहेर काढली नाही, चौतीस, तेहेतीस. ह्यात चाळीस कुठेही नाही. चाळिसाच्या जवळपासही नाही. मी तुझ्यावर चिडलेली नाही, पण हे लिहिताना पेन जरा जोरात टेकतंय हे कबूल करते.

आईची मात्र तक्रार आहे. पहिल्याच दिवशी परत आल्या आल्या म्हणाली, “तुझी डबी कमी सांगते.”

“म्हणजे?”

“मी चाळीसवर होते, ही म्हणाली तेहेतीस.”

“तुला काय माहीत तू चाळीसवर होतीस? काटा तर कधीचा मेलाय.”

“मला कळतं.”

“कसं कळतं?”

“तुला पोट दुखलेलं कसं कळतं?”

मग मी तिला समजावून सांगितलं की गाड्यांचे कारखान्यातले काटे मुद्दाम थोडं जास्त दाखवतात, म्हणजे माणूस नियमात राहतो. त्या जुन्या काट्याचे चाळीस हे खरे पस्तीसच असणार. उपग्रह खोटं बोलत नाहीत. तिने हेल्मेटचा पट्टा सोडवत सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “असेल. तू शिकलेली आहेस.” ती असं म्हणते तेव्हा तिला पटलेलं नसतं, तुलाही माहीत आहे.

पण मला तिचं कौतुक वाटलं. बघ ना, काटा नाही, आकडा नाही, आणि रोज तोच वेग. मी लॅबमध्ये तीनदा मोजते तेव्हा माझेही तीन आकडे इतके जवळ येत नाहीत.

तुझ्या कारचे पासष्ट? मी विचार केला. कदाचित तू मागे राहिला होतास आणि तिला गाठायला वेग वाढवला असशील. असं होतं. माणूस आपला वेग समोरच्याच्या नावावर लिहितो.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

तुझी
काटा


१ मार्च

प्रिय दादा,

घाईत लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. आईचं मनगट आता दुखत नाही. वरच्या टाकीचा बॉल-कॉक बदलला. ऊन वाढलंय.

तीन आठवडे होत आले. यंत्रावरचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा चौतीस.

तुझी
काटा


६ मार्च

प्रिय दादा,

मागचं पत्र तुला आधी मिळालं असेल किंवा दोन्ही एकाच बंदरावर एकत्र मिळतील. ते एकटं मिळालं असेल तर त्याच्यावर काही ठरवू नकोस. ठरवलं असशील तर मोड.

त्यात मी लिहिलं होतं, ‘सर्वांत मोठा आकडा चौतीस’. फक्त आकडा. पुढे माप लिहिलं नाही. लॅबमध्ये नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की मापाशिवाय आकडा लिहिला तर कागद परत करीन. आणि मीच तसा लिहिला, जाणूनबुजून. ते पत्र टाकलं तेव्हा मला सगळं कळून चुकलेलं होतं.

झालं असं. महिना संपण्याआधी यंत्र एकदा पडताळावं म्हणून मी ते ऑफिसच्या जीपमध्ये घेऊन गेले. धरणावरून पाण्याचे नमुने आणायचे होते. सरळ रस्ता लागला तसं मी ड्रायव्हरला म्हटलं, “जरा साठवर स्थिर ठेवा.” त्याने ठेवली. डबीवर आकडा आला एकतीस.

त्याने वाकून पाहिलं. “मॅडम, तुमची साबणाची डबी झोपली का काय?”

“उठेल थोड्या वेळात.”

“नाही, म्हणजे आपण साठने चाललोय आणि ती एकतीस म्हणते. बायकोला सांगायला बरी आहे. उशीर का झाला विचारलं की दाखवायची.”

मी हसले. पण आकडा वहीत लिहून घेतला. थोडाफार फरक पडला असता तर मी समजू शकले असते. हा जवळपास निम्मा होता. परत आल्यावर रिसीव्हरच्या माहितीचा कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. रिसीव्हर वेग सांगतो तो किलोमीटरमध्ये सांगतच नाही. तो सांगतो नॉटमध्ये. ताशी किती सागरी मैल, तुमच्या जहाजाच्या मापाने. एक नॉट म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक पंच्याऐंशी शतांश किलोमीटर. गुणायचं असतं. मी गुणलं नव्हतं.

दादा, तू हे माप सकाळ-संध्याकाळ वापरतोस. तू इथे असतास तर डबीकडे एकदा बघून म्हणाला असतास, “काटा, तू आईला समुद्रात सोडलंस.”

चौतीस गुणिले ते, म्हणजे त्रेसष्ट. तुझ्या कारचे पासष्ट बरोबर होते. मी सतरा तारखेला तुला जे शहाणपण शिकवलं ते मागे घेते. तू मागे पडला नव्हतास.

अंगणात चालताना दोन-तीन दाखवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी यंत्राऐवजी स्वतःच्या पायांवर संशय घेतला. आणि आईने पहिल्याच दिवशी सांगितलं की डबी कमी सांगते, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. उत्तर खोटं नव्हतं, काटे खरंच जास्त दाखवतात. फक्त ते ह्या प्रश्नाचं नव्हतं.

मग मी ते एक तारखेचं पत्र लिहिलं. मला वाटलं, अटीत चाळीस लिहिलंय आणि यंत्रावर चौतीस आलंय. गाडी तिच्या नावावर होईल, प्रोग्रॅम नंतर गुपचूप दुरुस्त करीन, कुणाचं काय बिघडतं? टपालपेटीतून हात बाहेर येईपर्यंत हे पटलेलं होतं. नंतर आईकडे बघवेना. तू खोटी म्हणालास म्हणून जी बोलायची थांबली, तिच्या नावावर मी खरंच एक खोटं टाकून आले होते.

काल दुपारी तिला सांगितलं. ती गाडीची साखळी पुसत होती.

“आई, माझ्या डबीने चूक केली.”

“डबीने की तू?”

“मी.”

“मग तसं म्हण.”

सगळं सांगितलं. नॉट काय, गुणाकार काय. तिने एकच विचारलं, “म्हणजे मी किती होते?”

“त्रेसष्ट.”

फडकं हातातच राहिलं. मला वाटलं आता म्हणेल की तुझं यंत्रच भिकार. ती म्हणाली, “म्हणजे तो खरं बोलत होता.”

“आई, तू मुद्दाम…”

“मुद्दाम नाही. पण चुकीचं बोलले. रोज चुकीचं बोलले आणि वर त्याच्यावर रुसून बसले.” मग म्हणाली, “मला चाळीसच वाटायचे गं. अगदी चाळीस. हे चुकलं तर मग मी इतक्या माणसांच्या नाड्या कशा मोजल्या असतील?”

मी तिच्या हातातलं फडकं घेऊन राहिलेली साखळी पुसली.

तिने हात धुतले, किल्ली आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. आज सकाळी ती रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन बसने वस्तीवर गेली. मला म्हणाली, “त्याला कळव, त्याचं गिऱ्हाईक आलं तर मी आडवी येणार नाही.”

कळवलं.

तुझी
काटा


९ मार्च

प्रिय दादा,

ह्या पत्राबरोबर एक पार्सल आहे. ते आधी उघड. उघडलंस? जुनी तबकडी आहे, ती हाताशी ठेव. आता वाच.

परवा आई म्हणाली, “तुझी निळी डबी काढ आणि जुनं होतं ते लाव. गिऱ्हाईक येईल तेव्हा गाडीचं तोंड तरी नीट दिसू दे.” मी शिलाई मशीनच्या खणातून ती तबकडी काढली. काच इतकी पांढरी की आकडेही धड दिसेनात. कडं सोडवून काच वेगळी केली, आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुतो त्या द्रावणाने धुतली, तबकडीवरून ओला कापूस फिरवला. काळ्यावर पांढरे आकडे हळूहळू वर आले. दहा, वीस, तीस, चाळीस. मग अगदी खाली, काट्याच्या बुडाशी, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. भिंग आणलं. एम, पी, एच.

मैल, दादा. ताशी मैल. किलोमीटर नव्हेतच. गाडी आली होती बाहेरून, त्यांच्याकडे मैल चालत असतील. इथे कुणी कधी वाकून पाहिलंच नाही. मीही नाही, महिन्यापूर्वी ती माझ्या हातात असताना.

मी कागद घेऊन बसले. चौतीस नॉट म्हणजे त्रेसष्ट किलोमीटर. त्रेसष्ट किलोमीटर म्हणजे एकोणचाळीस मैल. तीनदा केलं. एकोणचाळीसच. डबी अपूर्णांक दाखवत नाही, तो धरला तर आणखी जवळ जातं.

आई चाळीसच्या आत होती. रोज. काटा नसताना.

मी तिला बोलावलं, भिंग हातात दिलं. तिने बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

“मैल?”

“मैल.”

“म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या पाटीवर साठ लिहिलेलं असायचं ना, आणि मी म्हणायचे, लोकांना कसली घाई, साठ काय जायचं, मी बाई आपली चाळीसने जाते…”

“हो.”

“मीही साठनेच जात होते की गं!” आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मनगट मोडल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. “साठ कुठले, त्रेसष्ट! दंड व्हायला हवा होता मला!”

मग मी तिला तो प्रश्न परत विचारला. काटा बंद पडल्यावर तुला चाळीस कळतात कसे? ह्या वेळी तिने पोटदुखीचं उत्तर दिलं नाही.

ती म्हणाली, दवाखान्याच्या ड्रायव्हरने तिला गाडी शिकवली तेव्हा एकच नियम सांगितला होता, “बाई, काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.” पण तिची नजर रस्त्यावर लागायची, काट्यावर कोण बघणार? म्हणून ती तुला पुढे टाकीवर बसवायची. तुझी हनुवटी बरोबर ह्या तबकडीवर यायची. तुला अजून अक्षरं वाचता येत नव्हती, पण एवढा एक आकडा तिने शिकवला होता. चारावर शून्य. काटा तिथे पोहोचला की तू ओरडायचास, “आई, चाळीस!” आणि ती हात सैल सोडायची.

“काटा नंतर मेला,” ती म्हणाली. “पण हा कुठे ओरडायचा ते मला ठाऊक आहे. तिथे आलं की हात आपोआप सैल होतो.”

मी हे तुला असंच लिहू का, असा प्रश्न मला पडला, कारण ती हे मला सांगत होती, तुला नाही. म्हणून विचारलं. ती म्हणाली, “लिही.” गिऱ्हाइकाचा निरोप सोडला तर तुझ्यासाठी तिने बोललेला हा बऱ्याच महिन्यांतला पहिला शब्द, म्हणून मुद्दाम नोंदवते.

तरीही मला तुझ्याशी सरळ राहायचं आहे. तू पाहिलेले पासष्ट खरे होते आणि तुझी काळजीही खरी आहे. ती आता सत्तरीला आली आहे, वळणावर वाळू असते, आणि त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्टच, त्यांना मैलांत लिहिलं म्हणून रस्ता मऊ होत नाही. पण ती खोटं बोलली नाही. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि मला त्यांतलं एक लपवून दुसरं लिहिता येत नाही.

यंत्र दुरुस्त केलं. आता किलोमीटरच दाखवतं, आणि आकड्याखाली मी पांढऱ्या रंगाने ‘किमी’ लिहिलं आहे. मी आईला म्हटलं, एकदा दादाच्या अटीप्रमाणे चालवून बघ. काल तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि मला मागे बसवून बाजाराच्या रस्त्याने नेलं, डबीवरच्या चाळीसच्या आत. एकदाही वर नाही. दूधवाला मोपेडवरून आमच्या पुढे निघून गेला, मग वळून बघून थांबला. “सिस्टर, पेट्रोल संपलं काय?”

“नाही रे. मुलाची अट आहे.”

“मग ढकलू का?”

घरी आल्यावर तिने गाडी उभी केली. हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, “आई, दादाला काय लिहू?”

“त्याने कार्डावर चाळीस लिहिलंय ना? त्याला विचार, चाळीस कुठले? माझे, का तुझे, का त्याच्या जहाजाचे?”

“जहाजाचे चाळीस म्हणजे चौऱ्याहत्तर होतात, आई.”

तिने क्षणभर विचार केला. “ते चालतील का विचार.”

“आई!”

“बरं, ते नको.” मग ती हेल्मेटच्या काचेवरची धूळ पदराने पुसत राहिली. “त्याला लिही, तो म्हणेल तिथे मी हात सैल सोडीन. पस्तीस म्हणाला तर पस्तीस. पण कार्डावर नको. पूर्वी सांगायचा तसं सांगू दे, गाडीवर बसून.”

मी म्हटलं, “अगं, तो आता टाकीवर मावणार आहे का?”

“मागे बसेल.”

तुझी
काटा